आधी मेलेलं सॅम्पल बघा: सक्रिय कणांच्या प्रयोगात या चुका टाळा

दर जानेवारीत एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टसाठी आमच्या मायक्रोस्कोपवर येतात. विषय बहुतेकांचा एकाच घरातला असतो. स्वतःच्या बळावर पोहणारे थोडे कण, आणि त्यांच्या अवतीभवती पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी नुसतेच डुगडुगणारे पुष्कळ कण. पहिल्यांना आम्ही ॲक्टिव्ह म्हणतो, दुसऱ्यांना पॅसिव्ह. ॲक्टिव्ह म्हणजे कधी ई. कोलाय जिवाणू, कधी अर्ध्या अंगावर प्लॅटिनमचा थर दिलेले जेनस कण, जे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पडले की चालू लागतात. पॅसिव्ह म्हणजे पॉलिस्टायरिनचे नाहीतर सिलिकाचे मणी. पोहणारा कण मण्यांचं काय करतो, मणी त्याचं काय करतात, आणि दोन पोहणाऱ्यांना मधल्या मण्यांमुळे एकमेकांचा पत्ता लागतो का, एवढाच प्रश्न. मला तो गेली कित्येक वर्षं सुंदर वाटत आला आहे.

आणि म्हणूनच त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघताना जीव तुटतो. बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. मुलं पोहणाऱ्या कणांकडे बघतात आणि माध्यमाला गृहीत धरतात. पॅसिव्ह म्हटलं की त्यांना वाटतं, हे काही करत नाही. पण ते माध्यम वाहतं, तापतं, सुकतं, त्यात बाटलीतलं काहीबाही विरघळलेलं असतं. ते गप्प असताना काय करतं हे आधी मोजलं नाही, तर पुढच्या कुठल्याही आलेखाला अर्थ उरत नाही.

सगळेच मणी एका दिशेला चाललेत

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे, त्यामुळे तिच्यावर जरा बोलू द्या.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा मार्चच्या अखेरीस माझ्याकडे आला. हुशार, मेहनती, हाताला चांगला. ई. कोलायच्या द्रवात त्यानं २ मायक्रॉन व्यासाचे पॉलिस्टायरिनचे मणी सोडले होते आणि मण्यांचं एमएसडी, म्हणजे विस्थापनाच्या वर्गाची सरासरी, काढली होती. लॉग-लॉग आलेखावर चढ १.८. साध्या विसरणात (डिफ्युजन, म्हणजे रेणूंच्या धक्क्यांनी इकडेतिकडे भटकत पसरणं) तो १ यायला हवा, सरळ एकाच वेगानं गेलं तर २. “मॅडम, सुपरडिफ्युजन मिळालं!” त्याचा चेहरा उजळला होता. पोस्टरचा मसुदाही तयार होता.

त्याचा विश्वास बसण्याला कारण होतं. वू आणि लिब्चेबर यांनी २००० साली साबणाच्या पातळ पडद्यात ई. कोलाय आणि ४.५ व १० मायक्रॉनचे मणी ठेवून नेमकं हेच दाखवलं होतं. थोड्या वेळापुरते मणी विसरणापेक्षा जोरात सरकतात, कारण जिवाणूंचा एक ढकलण्याचा ओघ काही काळ टिकतो. त्यानंतर चढ वाकतो आणि पुन्हा १ होतो, फक्त विसरणाचा गुणांक कितीतरी पट वाढलेला असतो. या वाकण्यातच सगळं भौतिकशास्त्र आहे. माझ्यापुढच्या आलेखात ६० सेकंदांपर्यंत रेघ कुठेच वाकली नव्हती.

मी त्याला एकच विचारलं, “मेलेल्या जिवाणूंचं सॅम्पल पाहिलंस का?” पाहिलं नव्हतं. मग त्याच दुपारी तोच जिवाणूंचा द्रव ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवला, एकही जिवाणू पोहत नाही हे बघून घेतलं, तेच मणी घातले, तशीच स्लाइड केली. चढ आला १.७. मेलेले जिवाणू मण्यांना ढकलत नसतात. कव्हरस्लिपच्या एका कोपऱ्यात व्हॅसलिनची रेघ तुटली होती, तिथून पाणी सुकत होतं, आणि सगळं माध्यम त्या कोपऱ्याकडे संथपणे सरकत होतं. मार्चची कोरडी हवा, वर पंखा. हाच प्रयोग जुलैत केला असता तर कदाचित इतकं जाणवलंही नसतं, आणि ते जास्त वाईट झालं असतं.

आकडे बघा, म्हणजे हा प्रवाह किती फसवा असतो ते कळेल. २५ अंशांच्या पाण्यात २ मायक्रॉनच्या मण्याचा विसरण गुणांक साधारण ०.२५ वर्ग मायक्रॉन प्रतिसेकंद. म्हणजे द्विमितीत त्याचं एमएसडी दर सेकंदाला सुमारे १ वर्ग मायक्रॉननं वाढतं. आता समजा, माध्यम सेकंदाला फक्त अर्धा मायक्रॉन सरकतंय. पडद्यावर डोळ्यांना हे जेमतेम दिसेल. त्याचा वाटा वेळेच्या वर्गानं वाढतो: ४ सेकंदांना तो विसरणाइतका होतो, ४० सेकंदांना विसरणाचे ४० वर्ग मायक्रॉन आणि प्रवाहाचे ४००. तोवर तुमच्या आलेखात जिवाणू शिल्लक राहिलेले नसतात.

यावर मुलं लगेच म्हणतात, “सॉफ्टवेअरमध्ये ड्रिफ्ट, म्हणजे सगळ्यांचं एकत्र सरकणं, वजा करता येतो.” येतो. पण ती कळ दाबण्याआधी तिच्यामागे काय होतं ते समजून घ्या. सगळ्या मण्यांच्या सरासरी हालचालीची वजाबाकी होते. चित्रात १० मणी असतील तर प्रत्येकाच्या स्वतःच्या हालचालीचा दहावा हिस्सा त्या सरासरीत बसलेला असतो, तोही वजा होतो. एमएसडी दहा टक्क्यांनी कमी येतं. त्याहून मोठं दुखणं असं की जिवाणू दाट असले तर त्यांचे भोवरे तयार होतात, आणि शेजारशेजारचे मणी खरोखरच एकत्र वाहतात. ती हालचाल खरी असते, तीच तर मोजायची असते, आणि वजाबाकी तिच्यावरच बोळा फिरवते. काचेला चिकटलेल्या मण्यावरून ड्रिफ्ट काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की चिकटलेला मणी फक्त स्टेज हललं का ते सांगतो. पाणी वाहतंय की नाही, हे त्याला ठाऊक नसतं.

माझी सवय सांगते. जिवाणूंसाठी व्हॅसलिन, लॅनोलिन आणि पॅराफिन समप्रमाणात वितळवून केलेलं व्हॅलॅप मी वापरते. नेलपॉलिश नुसत्या मण्यांच्या स्लाइडला चालतं, जिवाणूंना त्यातल्या द्रावकाचा त्रास होतो. सील झाल्यावर भिंगातून चारही कडा बघते. स्लाइड स्टेजवर ठेवून दिवा चालू करते आणि पंधरा मिनिटं कशालाही हात लावत नाही, कारण दिव्याच्या उबेनंही पाणी हलतं. मग मण्यांच्या सरासरी वेगाची दिशा काढते. सगळ्यांचा बाण एकाच दिशेला दिसला की स्लाइड फेकून नवी करते. त्या पंधरा मिनिटांत चाळवाचाळव करणारी मुलंच पुढे तीन आठवडे वाया घालवतात, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता मी त्यांना हातात वही देऊन खुर्चीत बसवते.

मण्यांच्या बाटलीत फक्त मणी नसतात

दुसरी चूक पहिलीपेक्षा बारीक आहे, आणि ती करणारे सहसा काळजीपूर्वक काम करणारे असतात. म्हणून तिचं वाईट जास्त वाटतं.

एका मुलीचा प्रश्न होता: पॅसिव्ह मण्यांची गर्दी वाढली की जिवाणूंचा वेग किती कमी होतो? तिनं मण्यांचं आकारमानातलं प्रमाण शून्यापासून २ टक्क्यांपर्यंत वाढवत नेलं. प्रत्येक पायरीला शेकडो जिवाणूंचे माग काढले. वेग सरळ रेषेत घसरत गेला आणि २ टक्क्यांना निम्म्यावर आला. सीलिंग चोख होतं, मेलेलं सॅम्पलही तिनं केलं होतं, चुकांच्या पट्ट्या काढल्या होत्या. तिनं लिहिलं: गर्दीमुळे जिवाणू अडतात.

मला खटकला तो आकडा. घट्ट गोल मणी द्रवात विरळ पसरले की चिकटपणा किती वाढतो, त्याचं आइन्स्टाइनचं सूत्र आहे: मण्यांच्या आकारमानाच्या प्रमाणाची अडीच पट. आइन्स्टाइननं १९०६ साली छापलेल्या हिशेबात चूक होती आणि अडीच हा आकडा त्यानं १९११ मध्ये दुरुस्त करून दिला. मुलांना मी हे मुद्दाम सांगते, हिशेब पुन्हा तपासण्यात कमीपणा नसतो हे त्यांना कळावं म्हणून. तर २ टक्के मण्यांनी चिकटपणा वाढणार ५ टक्के. त्यानं वेग निम्मा होत नाही. मण्यांमधलं सरासरी अंतरही जिवाणूला आरामात जाता येईल एवढं होतं.

मग आम्ही बाटली हातात घेतली. बाजारात मिळणारे पॉलिस्टायरिनचे मणी नुसत्या पाण्यात नसतात. ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून साबणासारखं सर्फॅक्टंट घातलेलं असतं, आणि पुष्कळदा बुरशी-जिवाणू वाढू नयेत म्हणून सोडियम अझाइड. अझाइड जिवाणूंचं श्वसन अडवतं. मण्यांचं प्रमाण दुप्पट केलं की अझाइडही दुप्पट होत होतं. ती मुलगी दोन महिने गर्दीचा नव्हे तर विषाचा परिणाम मोजत होती.

हे पकडायचं कसं? उपाय इतका साधा आहे की तो कुणी करत नाही याचंच मला आश्चर्य वाटतं. मण्यांचं द्रावण सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, मणी तळाशी बसले की वरचं पाणी काढून घ्यायचं, आणि ते पाणी, मण्यांशिवाय, तेवढ्याच प्रमाणात जिवाणूंत घालायचं. वेग पडला तर दोष मण्यांचा नाही. आम्ही तसं केलं तेव्हा वेग जवळजवळ तितकाच पडला. नंतर तिनं मणी बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्यात, तीनदा धुतले, आणि २ टक्क्यांपर्यंत वेगात म्हणावा असा फरकच दिसला नाही. तिचं प्रोजेक्ट त्या निकालावरच उभं राहिलं, आणि चांगलं राहिलं.

जेनस कणांच्या बाबतीत हाच धडा आणखी कडक आहे. प्लॅटिनमचे कण मिठाला फार हळवे असतात. पाण्यात जरासं मीठ, जरासा बफर गेला तरी त्यांचा वेग धाडकन खाली येतो. मणी न धुता टाकणाऱ्यांना “पॅसिव्ह कणांनी ॲक्टिव्ह कण थांबवले” असं दिसतं, आणि थांबवलेलं असतं मिठानं. (अझाइडचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. तांब्या-शिशाच्या नळांत त्याची स्फोटक संयुगं तयार होतात. वेगळी बाटली ठेवा.)

थोडक्यात सांगण्यासारख्या

जिवाणूंना व्होर्टेक्सवर (नळी गरगर हलवणाऱ्या यंत्रावर) हलवू नका, जोरात सेंट्रिफ्यूज करू नका, बारीक टोकाच्या पिपेटनं ओढू नका. शेपट्या तुटतात, आणि शेपटी तुटलेला ॲक्टिव्ह कण पॅसिव्ह होतो.

ई. कोलाय ३७ अंशांना भराभर वाढतं म्हणून तिथेच वाढवू नका. ३० अंशांना वाढवलेले जिवाणू चांगले पोहतात.

सील पक्कं केलं की ऑक्सिजन संपतो. दाट सॅम्पलमध्ये काही मिनिटांतच वेग उतरायला लागतो. बफरमध्ये थोडं ग्लुकोज घाला आणि दर पाच मिनिटांनी दहा सेकंदांची चित्रफीत घेऊन वेग तपासा. सुरुवातीचा वेग शेवटच्या आकड्यांना लावणं म्हणजे सकाळचा भाव संध्याकाळच्या भाजीला लावणं.

जेनस कणांची चेंबर मात्र हवाबंद करून तासभर सोडू नका. पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सुटतो, बुडबुडा धरतो, वाढतो, आणि पाण्याला ढकलतो. त्याला “सामूहिक हालचाल” समजून रेकॉर्ड केलेल्या फिती माझ्याकडे आहेत.

काचेजवळ मोजलेला आकडा खोल पाण्याचा म्हणून सांगू नका. ई. कोलाय भिंतीजवळ गोळा होतं आणि तिथे गोल गोल फिरतं. २ मायक्रॉनचा सिलिकाचा मणी इतका जड असतो की उष्णतेच्या धक्क्यांनी तो तळापासून जेमतेम ०.१ मायक्रॉन उचलला जातो; १ मायक्रॉनचा पॉलिस्टायरिनचा मणी १६ मायक्रॉनपर्यंत तरंगतो. “मणी म्हणजे मणी” असं म्हणून एक संपला की दुसरा वापरणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.

ट्रॅकिंगमध्ये दोन्ही जातींना एकच शोधकक्षा, म्हणजे पुढच्या फ्रेममध्ये कण किती अंतरापर्यंत शोधायचा ती मर्यादा, देऊ नका. सेकंदाला २० मायक्रॉन पोहणारा जिवाणू सेकंदाला १० फ्रेमच्या फितीत एका फ्रेममध्ये २ मायक्रॉन पुढे जातो, आणि तेवढ्या अंतरात एखादा मणी बसलेला असतो. सॉफ्टवेअर जिवाणूचं नाव मण्याला देऊन मोकळं होतं, आणि अचानक तुमचा पॅसिव्ह मणी उडी मारतो. ५० फ्रेमनं घ्या, उडी ०.४ मायक्रॉनवर येते. शक्य असेल तर जिवाणू आणि मणी वेगवेगळ्या रंगांत चमकवा.

दहा सेकंदांची फीत घेऊन जेनस कणाचं दीर्घकालीन विसरण काढू नका. २ मायक्रॉनच्या कणाला आपली दिशा विसरायला ५ सेकंदांहून जास्त लागतात, ३ मायक्रॉनच्याला १८. हा वेळ त्रिज्येच्या घनानं वाढतो. तो कण अजून सरळच चाललाय आणि तुम्ही त्याच्या भटकण्याचा हिशेब मांडताय.

जवळ आले म्हणजे ओढले गेले असं नाही, आणि ओढले गेले तर कुणी ते विचारा

जेनस कणाभोवती पॅसिव्ह मणी गोळा झालेले दिसले की मुलं दोनच शब्द लिहितात: “ॲक्टिव्ह डिप्लीशन”. या नावामागे खरी गोष्ट आहे. पोहणाऱ्यांच्या गर्दीत दोन पॅसिव्ह मणी जवळ आले की त्यांच्यामधल्या फटीत पोहणारे शिरू शकत नाहीत, बाहेरून मात्र ढकलतात, आणि मणी एकत्र येतात. जिवाणूंच्या द्रवात अशी जवळीक २०११ मध्ये मोजली गेली आहे. पण जेनस कण नुसता पोहत नाही, तो आजूबाजूला रसायनं सोडतो. त्या रसायनांच्या चढ-उतारात मणी स्वतःच सरकतात, आणि काचेलगत पाणीही वाहायला लागतं. म्हणजे पॅसिव्ह मणी त्या क्षणी पॅसिव्ह राहिलेला नसतो.

या दोन गोष्टी वेगळ्या करायला मी चिकटलेला जेनस कण शोधते. प्रत्येक स्लाइडवर एखाददुसरा तरी काचेला चिकटतोच, आणि मुलं त्याला खराब समजून सोडून देतात. तोच तर सोन्याचा. तो पोहू शकत नाही, धडका देऊ शकत नाही, पण पेरॉक्साइड खातच असतो. त्याच्याकडेही दहा मायक्रॉनवरून मणी येताना दिसले, तर ते धडकेनं नव्हे, रसायनानं येतायत. प्रकाशानं चालू-बंद होणारे हेमेटाइटचे (एक लोह ऑक्साइड) कण असतील तर काम आणखी सोपं. २०१३ साली पालाच्ची आणि सहकाऱ्यांनी निळा प्रकाश पाडला की हे कण स्फटिकासारखे जुळतात आणि दिवा बंद केला की विखुरतात, हे दाखवलं. दिवा बंद करा, मणी मोकळे होतात का बघा, पुन्हा लावा. एका कळीवर तुमचं कंट्रोल सॅम्पल, म्हणजे तुलनेसाठीचं सॅम्पल, तयार आहे. ते न करता “परस्परक्रिया सिद्ध झाली” असं लिहू नका, मी सही करणार नाही.

तापमान हा शब्द जपून

मण्याचं विसरण शंभर पट झालं, म्हणून माध्यमाचं “परिणामी तापमान” शंभर पट, म्हणजे ३०,००० केल्विन. हे वाक्य मी दर वर्षी लाल शाईनं खोडते. आकडा म्हणून तो एका मण्याला, एका मापाला खरा असेल. पण तापमान म्हणायचं तर त्या माध्यमात टाकलेल्या प्रत्येक थर्मामीटरनं तेच सांगायला हवं. इथे थर्मामीटर म्हणजे मणी. साध्या पाण्यात मणी मोठा केला की विसरण त्याच प्रमाणात घटतं. जिवाणूंच्या द्रवात तसं होत नाही: पॅटसन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ०.६ ते ३९ मायक्रॉनचे मणी ई. कोलायमध्ये घालून बघितले, तर विसरण आकारासोबत आधी वाढतं आणि मग उतरतं. एका मण्यानं तापमान काढलंत, तर दुसऱ्या मापाचा मणी दुसरंच सांगेल.

शिवाय विस्थापनांचं वाटप बघा. नुसती सरासरी नको, पूर्ण वाटप. क्लॅमिडोमोनास या शेवाळाच्या द्रवात २००९ साली दिसलं की त्याला साध्या विसरणात दिसणाऱ्या गाऊसच्या घंटेच्या आकाराच्या आलेखापेक्षा लांब शेपट्या असतात. मणी बराच वेळ शांत असतो आणि एखादा पोहणारा अगदी जवळून गेला की लांब फेकला जातो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या आणि जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या गटानं २०१६ मध्ये जिवाणूंच्या द्रवात एका मण्याचं उष्णता-इंजिन चालवून दाखवलं, तेव्हा त्याच्या चांगल्या कामगिरीचं कारण याच शेपट्यांत सापडलं. तापमानाचा एकच आकडा लिहून तुम्ही हे सगळं पुसून टाकता. म्हणून “विसरण इतके पट वाढलं” असं लिहा. ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

सिम्युलेशनवाल्यांनी हसू नये

प्रयोगवाल्यांची सील फुटतात, आमचं तसं काही नसतं, असं म्हणणाऱ्या मुलांना मी त्यांच्या फाइलमधली टाइमस्टेप, म्हणजे हिशेब पुढे नेण्याची वेळेची पायरी, विचारते. पोहण्याचा जोर वाढवत जायचा आणि कणांमधलं ढकलणारं बल तेवढंच ठेवायचं, ही सर्रास होणारी चूक. जोर वाढला की कण एकमेकांत घुसतात, त्यांचा खरा आकार लहान होतो, आणि तुम्हाला वाटतं की सक्रियता वाढल्यानं घनता बदलली. माझा नियम: जोर आणि ढकलणारं बल एका गुणोत्तरात बांधून ठेवा आणि सक्रियता बदलायची तर उष्णतेचा गोंधळ कमी-जास्त करा. टाइमस्टेप निम्मी करून एक धाव परत घ्या. आकडा हलला तर आधीच्या सगळ्या धावा बाद.

पेक्ले संख्येची (पोहण्याचा जोर उष्णतेच्या गोंधळापुढे किती, ते सांगणारा आकडा) व्याख्या लिहिल्याशिवाय तुलना करू नका. काही जण वेग भागिले व्यास आणि फिरण्याचा दर घेतात, काही जण त्याच्यापुढे ३ लावतात. एकाची १२० म्हणजे दुसऱ्याची ४०. “आमच्याकडे फेज सेपरेशन (कण दाट आणि विरळ भागांत फुटणं) येतच नाही” म्हणून रडकुंडीला आलेल्या दोघा मुलांचं दुखणं या तिनात सापडलं होतं.

आणि घाई. स्टेनहॅमर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की एकूण कणांपैकी फक्त १५ टक्के ॲक्टिव्ह असले तरी विस्कळीत मिश्रण दाट आणि विरळ भागांत फुटू शकतं, आणि दाट भागात पॅसिव्ह कणांचे तराफे तयार होतात. हे वाचून मुलं १५ टक्के घालतात, लहान पेटी घेतात, रात्रभर चालवतात, सकाळी काही झालेलं नसतं, आणि “पेपर चुकीचा आहे” असं म्हणायला येतात. लहान पेटीत गाठ धरायला जागाच नसते. मी नेहमी दोन सुरुवातींपासून धावा घ्यायला लावते: एक पूर्ण विस्कटलेली, दुसरी आधीच एका बाजूला गोळा केलेली. दोन्ही एकाच ठिकाणी येईपर्यंत “स्थिर अवस्था” हा शब्द वापरायचा नाही. आठवडा लागला तर आठवडा लागू दे.

माध्यमामार्फत बोलणं

शेवटचं, माझ्या आवडीचं. दोन ॲक्टिव्ह कण एकमेकांना शिवतही नाहीत आणि तरी एका दिशेनं जातात, हे कसं? गणपती विसर्जनाच्या गर्दीत कुणीतरी वाट काढत पुढे जातं तेव्हा त्याच्यामागे आपसूक चार जण लागतात. त्यांना तो माणूस दिसत नसतो, त्यांना त्यानं केलेली फट दिसते. नितीन कुमार, हर्ष सोनी, श्रीराम रामस्वामी आणि अजय सूद यांनी २०१४ मध्ये थरथरणाऱ्या पत्र्यावर याच्या जवळचं काहीतरी करून दाखवलं. ४.५ मिलिमीटर लांबीच्या, एका टोकाला निमुळत्या पितळी काड्या, आणि त्यांच्याभोवती ०.८ मिलिमीटरचे ॲल्युमिनियमचे मणी. काडी चालताना मण्यांना ओढून वाहवते, त्या वाहण्यात दूरची काडी वातकुक्कुटासारखी वळते. काड्या अगदी थोड्या असल्या तरी मणी पुरेसे झाले की सगळा थवा एका दिशेला लागतो. निरोप पोचवतात ते मणीच.

हा प्रयोग लाउडस्पीकर आणि पत्रा वापरून कॉलेजात करता येतो, आणि दर वर्षी कुणीतरी करतं. दर वर्षी थवा तयार होतो, आणि दर वर्षी तो खिडकीच्या बाजूच्या कडेला जाऊन बसतो. कारण पत्रा तिरका असतो. केसाएवढा तिरकेपणाही पुरतो, थरथरत्या मण्यांना उतार लगेच कळतो. एका गटानं तर काड्या न टाकता नुसते मणी ठेवून पाहिलेच नव्हते. मणी एकटेच खिडकीकडे जात होते.

म्हणून आधी काड्या बाजूला ठेवा. नुसते मणी पत्र्यावर पसरा, दहा मिनिटं थरथरू द्या, आणि वरून फोटो काढा. एका बाजूला ढीग दिसला तर गवंड्याची पाणसळ आणा आणि पायाखालचे स्क्रू फिरवा. पुन्हा मणी पसरा, पुन्हा फोटो. मणी सगळीकडे सारखे राहिले की मग काड्या टाका. कडेला पाकळ्यांसारखी नक्षी असेल असंच रिंगण घ्या, नाहीतर काड्या भिंतीला चिकटून राहतात. थवा जमला की पत्रा अर्धा फेरा फिरवून तोच प्रयोग पुन्हा करा. प्रत्येक वेळी थवा खिडकीकडेच जात असेल तर दोष टेबलाचा आहे, पत्र्यासोबत फिरत असेल तर पत्र्याचा, आणि दर वेळी वेगळी दिशा निवडत असेल तर मला बोलवा, मला तो बघायचा आहे.